स्कागेन, पुढच्या हुकुमापर्यंत

आल्बेकचा उपसागर, नांगरावर
रविवार, २ डिसेंबर १९७३

एवाल्ड,

हे पत्र शेगडीत जाणार हे धरूनच लिहायला बसले आहे. जाऊ दे. यंदा जळण महाग आहे, तेवढाच तुला उपयोग. पण शेगडीत घालण्याआधी एकदा धक्क्याच्या टोकाला जा आणि दक्षिणेकडे बघ. काळ्या रंगाचं, पिवळ्या धुराड्याचं एक लांबलचक जहाज दिसेल. त्यावर तुझी बहीण बसली आहे.

हसू नकोस. सुएझचा कालवा सहा वर्षं बंद, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आले, आणि थांबले कुठे, तर आपल्याच दारात, स्कागेनसमोर. दुर्बिणीतून दीपस्तंभ दिसतो, लाल छपरं दिसतात. आपलं घर तेवढं दिसत नाही, मध्ये तो मेला बर्फाचा कारखाना येतो. जन्मात कुठल्या इमारतीला इतक्या शिव्या घातल्या नव्हत्या मी.

जहाजात डिझेल आहे, आखातातल्या अबादान बंदरात भरलेलं. तिथे उन्हात लोखंडाला हात लावला तर कातडी निघते, आणि शुद्धीकरणाच्या कारखान्यावर दिवसासुद्धा ज्वाळा भडकत असतात. तुझ्या इंजिनात जे जळतं ते तिथल्या वाळूखालून येतं. आमच्या कागदांवर जाण्याचं ठिकाण लिहिलंय : 'स्कागेन, पुढच्या हुकुमापर्यंत.' म्हणजे कुठेच नाही. मालकाची तार येईल तेव्हा कळणार, कुठल्या बंदरात रिकामं व्हायचं. तोवर कुणीही किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही, अशी कप्तान ब्रूनची सक्त ताकीद आहे.

का, ते विचारू नकोस. जहाजाची प्रत्येक तार माझ्या हातून जाते, आणि तारेतलं अक्षरही बाहेर फोडणार नाही अशी शपथ घेतल्यावरच मला परवाना मिळाला. आई म्हणायची ना, रिग्मोरच्या पोटात गेलेली गोष्ट देवालाही काढता यायची नाही.

आईच्या दफनाला मी आले नाही म्हणून तू दोन वर्षांपूर्वी एका ओळीत कळवलंस, 'आता येऊ नकोस.' नाही आले. आता जहाजानेच आणून उभं केलं, त्याला मी काय करू?

पत्र क्रेस्टनच्या होडीतून येईल. म्हातारा आम्हाला पाव-बटाटे आणून देतो आणि टपाल नेतो. बोडिलला आणि पोरांना माझी आठवण सांग. तुला नाही.

तुझी थोरली बहीण (तक्रार असेल तर आईबाबांकडे वेळेवर करायची होतीस),
रिग्मोर


नांगरावर
९ डिसेंबर

एवाल्ड,

क्रेस्टन आला होता. पत्राचं काय झालं विचारलं, तर म्हातारा डोकं खाजवायला लागला.

"न उघडताच लाकडांच्या पेटीवर फेकलंन त्याने. बायकोने, बोडिलने, उचलून कपाटात ठेवलं. पोरी, तुझा भाऊ म्हणजे ओलं लाकूड. पेटत नाही आणि मोडतही नाही."

मग बाकीचं सांगितलं. तुझी होडी 'आगाथा' धक्क्याला बांधून पडली आहे म्हणे. बंदरावरचा तेलवाला प्रत्येकाला गेल्या हिवाळ्यात जेवढं घेतलं त्या मानाने डिझेल देतोय, आणि गेल्या हिवाळ्यात आगाथाचं इंजिन उघडून काठावर ठेवलेलं. म्हणजे ज्याने जास्त जाळलं त्याला जास्त, आणि जो अडला होता त्याला ठेंगा. वा रे न्याय! तुझ्या वाट्याला आलंय ते दिवे लावायलासुद्धा पुरायचं नाही.

आणि हिर्ट्सहाल्स बंदरातला स्कोव चांगल्या किमतीला होडी घ्यायला तयार आहे, अठरा तारखेपर्यंत थांबतो म्हणतो, आणि तू त्याला वाटेला लावलंस! का, तर माझ्या जहाजामुळे! क्रेस्टनने तुझी नक्कलही करून दाखवली : "ते जहाज बघा, पाण्यात किती खोल बसलंय. गळ्यापर्यंत भरलंय लेकाचं. ख्रिसमसच्या आत फ्रेडरिक्सहाऊनला रिकामं होणार, आणि मग डिझेलच डिझेल. जानेवारीत कॉड मासे धरायला सगळ्यात आधी मी बाहेर!"

"पोरं हसतात," क्रेस्टन म्हणाला, "पण त्यातल्या निम्म्यांना पटतंय."

पटणारच. बाबांनी आपल्याला धक्क्यावर उभं करून हेच शिकवलं, की बुड किती बुडालंय ते बघा म्हणजे पोटात काय आहे ते कळतं. तू बरोबर बघितलंस, भाऊराया. पण भरलेलं जहाज म्हणजे येणारं जहाज नव्हे. याच्यापुढे मला एक शब्दही लिहिता येत नाही. स्कोवला पुन्हा फोन कर. कारण विचारू नकोस. लहान असताना विहिरीच्या काठावरून मागे ओढलं तेव्हा विचारलं होतंस का?

रिग्मोर


नांगरावर
१४ डिसेंबर

एवाल्ड,

दुसरं पत्रही कपाटात गेलं असं कळलं. बरं झालं. मला एक युक्ती सुचली आहे. तू वाचतच नाहीस, तर तुला काहीही लिहिलं तरी माझी शपथ मोडत नाही. भिंतीशी बोललेलं कुठे मोजतात? तर ऐक गं भिंती.

अबादान सोडलं तेव्हा हे डिझेल एका कंपनीचं होतं. आफ्रिकेच्या टोकाला तार आली : विकलं, मालक बदलला. पुढे फ्रान्सच्या जवळपास पुन्हा तार : पुन्हा विकलं. टाकीचं झाकण कुणी उघडलं नाही, थेंब इकडचा तिकडे झाला नाही, पण प्रत्येक तारेगणिक भाव चढत गेला. पेपरात येतं की अरबांनी नळ आवळला म्हणून महागाई. आवळला, खोटं नाही. पण नळातून बाहेर पडलेलं, जहाजात भरलेलं, स्कागेनच्या तोंडाशी येऊन उभं राहिलेलं तेल का थांबलंय? कारण आताच्या मालकाचा होरा आहे की नव्या वर्षात भाव दुप्पट होणार. 'नांगर उचलू नये. जानेवारीआधी माल उतरवू नये.' मी माझ्या हाताने उतरवून घेतलेली तार आहे ही. दर सकाळी पांघरुणातून पाय खाली टाकते तेव्हा वाटतं, अख्ख्या स्कागेनचा हिवाळा माझ्या तळव्याखाली कोंडून ठेवलाय.

जहाजावर सगळे माझ्यासारखेच वैतागलेत. पत्ते खेळून पत्त्यांचे कोपरे झिजले. दर रविवारी तुमच्याकडे मोटारी बंद, लोक रस्त्याच्या मधून पायी फिरतात असं क्रेस्टन सांगतो, तेव्हा आमचा आचारी म्हणतो, "नशीबवान लेकाचे, पायी फिरतात." आम्ही डेकवर या टोकापासून त्या टोकाला जातो आणि परत येतो.

आणि तू माझ्याच जहाजाच्या भरवशावर आईच्या नावाची होडी घालवायला निघाला आहेस. नव्या वर्षात डिझेल दुप्पट झाल्यावर डिझेल पिणारी होडी कोण घेणार आहे? सरपण म्हणून विकावी लागेल. स्कोवची मुदत चार दिवसांवर आली, आणि मी इथे भिंतीला शहाणपण शिकवते आहे!

आता शिकवतेच आहे तर भिंतीला आणखी एक सांगते. आई गेल्याची बातमी मला कुणी दिली असं वाटतं तुला? कप्तानाने? खांद्यावर हात ठेवून? आम्ही आखातात शिरत होतो. मी कानाला यंत्र लावून तारा घेत होते. बोडिलने पाठवलेली तार, पण मला काय ठाऊक कुणाची आहे. टिक-टिक येत होतं, एकेक अक्षर उतरवत होते. 'आगाथा' एवढं झालं तेव्हा वाटलं, होडीला काही झालं की काय. मग पुढचे शब्द आले. तार घेताना मध्ये थांबता येत नाही रे. शेवटपर्यंत घ्यावी लागते, आणि मिळाली म्हणून पोच द्यावी लागते. मी पोच दिली. मग लगेच मागून दुसऱ्या कुणाची तरी बटाट्यांच्या खरेदीची तार आली, तीही घेतली.

आणि तारवाल्याशिवाय जहाजाला समुद्रात हलता येत नाही, असा कायदा आहे. बदली माणूस मिळाला तर जा, म्हणाले. नाही मिळाला. तू समजलास, मला यायचं नव्हतं.

असो. भिंती रडत नाहीत, हे एक बरं असतं.

रिग्मोर


नांगरावर
१८ डिसेंबर

एवाल्ड,

आज सकाळी तू मला ऐकलंस, की आवाज ओळखून रेडिओचा खटका बंद केलास? मला कळायला मार्ग नाही. म्हणून जे बोलले ते पुन्हा लिहिते.

मच्छीमारांच्या लहरीवर बोलले. न्याहारीच्या वेळी स्कागेनमधल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ती लावलेली असते. आई कॉफी उकळत बाबांचा आवाज ऐकायची, तशीच आता बोडिल ऐकत असणार. मी म्हणाले, "आगाथावाल्या एवाल्ड, मी रिग्मोर. ज्या जहाजाकडे तू रोज बघतोस त्यावरून बोलतेय. हे जहाज ख्रिसमसला येणार नाही. भाव चढल्याशिवाय येणारच नाही. होडी विकून टाक. आजच्या आज."

 मग कुठल्याशा होडीवरून एकजण म्हणाला, "च्यायला!" एवढंच उत्तर मिळालं मला.

कप्तान दारात उभा होता. हा माणूस कधी ओरडत नाही, त्याने आणखीच भीती वाटते.

"ठिणगीबाई," तो म्हणाला. प्रत्येक जहाजावर तारवाल्याला ठिणगीच म्हणतात, तुला माहीत आहे. "तुम्ही शपथ मोडलीत."

"मोडली."

"परवाना जाईल. कदाचित तुरुंगही होईल."

"ठाऊक आहे."

"मग कशासाठी?"

"माझा भाऊ आहे तिकडे."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "माझी बायको स्वेनबोर्गला एका खोलीत शेगडी पेटवून बसली आहे. बाकीचं घर बंद. लिहिते, तुमच्या जहाजात काय भरलंय हो? मी तिला लिहितो, हवा बरी आहे." मग त्याने मला उठवलं, तारघराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. उतरवून द्यायचं म्हटलं तर तेही करता येत नाही बिचाऱ्याला. माझ्याशिवाय जहाज हलत नाही. ठरावीक वेळी मालकाच्या तारा घ्यायला मला आत नेणार आणि पाठीशी उभा राहणार.

परवाना गेला तर गेला, तुझी होडी तर सुटली, असं म्हणत मी दुपारपर्यंत मनाचं समाधान करत होते. मग क्रेस्टन आला. वर यायची परवानगी नाही, म्हणून खालूनच ओरडला.

"पोरी, तू सांगितलंस एवाल्डला, पण ऐकलं सगळ्या किनाऱ्याने! स्कोवनेही ऐकलं! त्याचा फोन आलाय. निम्म्या किमतीला देत असाल तर बघू म्हणतो!"

एवाल्ड, इतकी वर्षं हवेत बोलण्यावर माझं पोट चाललंय. हवेत सोडलेला शब्द एकट्या एकाला ऐकू जात नाही, हे मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? पण त्या वेळी मला फक्त आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. हिर्ट्सहाल्सलाही स्वयंपाकघरं आहेत, हे डोक्यातच आलं नाही. वाचवायला गेले आणि मीच बुडवलं. काय तोंडाने माफी मागू?

रिग्मोर


नांगरावर
२३ डिसेंबर

एवाल्ड,

खाली होडीतून तुला काय दिसलं ते तुझं तुला माहीत. वर काय झालं ते ऐक.

मी बटाटे सोलत होते. कुलूप लागल्यापासून आचाऱ्याच्या हाताखाली आहे. एक खलाशी ओरडला, "अरे, डोलकाठीवर ख्रिसमसचं झाड बांधलेली होडी येतेय!" मी वर बघायच्या आधीच इंजिन ओळखलं. एक ठोका चुकवत चालणारं दुसरं कुठलं इंजिन आहे या किनाऱ्यावर? हातात बटाटा तसाच घेऊन धावले.

"ए बये! जिवंत आहेस का?" दोन वर्षांनी तुझे हे पहिले शब्द. आईने शिकवलेलं वळण कुठे गेलं रे?

"डिझेल कुठून आणलंस?" मी ओरडले.

"होतं नव्हतं ते सगळं टाकीत ओतलं!"

"गाढवा! आणि होडी?"

"निम्म्यात मागतोय तो! म्हटलं, निम्म्यात विकण्यापेक्षा बहिणीला भेटण्यात जाळलेलं परवडलं!"

आमचा आचारी हसता हसता डोळे पुसत होता. कप्तान आला आणि म्हणाला, "शिडी सोडायची नाही. कुणी वर नाही, कुणी खाली नाही." मग तू माझी पत्रं हात वर करून दाखवलीस. फोडलेली.

"आईची तार तू घेतलीस? तू स्वतः?"

मी मान हलवली. इतक्या खालून तुला ती दिसली नसणार, म्हणून घसा फाडून ओरडले, "हो!" तू टोपी काढलीस आणि तसाच थंडीत उभा राहिलास.  एवढ्यात आगाथाने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि ती बंद पडली.

जहाजाच्या पोटात एवढं डिझेल, आणि त्याच्या अंगाला घासून तुझी होडी डिझेलवाचून वाहत चाललेली. पश्चिमेचा वारा तिला बाहेर ढकलत होता. आणि मग वरच्या रेडिओच्या कर्ण्यातून तुझा आवाज, एकदम सरकारी : "आगाथा, स्कागेन. इंजिन बंद. डिझेल संपलं. होडी वाहत चालली आहे. जवळच्या जहाजाने मदत करावी."

मी कप्तानाकडे पाहिलं. संकटातल्या होडीची हाक आली की जवळच्या जहाजाला उत्तर द्यावंच लागतं, मग ते जहाज कुणाच्याही हुकुमाची वाट बघत असो. आणि या जहाजावर त्या यंत्राला हात लावायचा परवाना एकट्या माझ्याकडे. कप्तानाने गळ्यातली किल्ली काढली. कुलूप उघडताना पुटपुटला, "तुमच्या घरात सगळेच असे आहेत का?" मी म्हटलं, "आई याहून वाईट होती."

मी यंत्रासमोर बसले. हात बटाट्याच्या पाण्याने ओले होते.

"आगाथा, तुमची हाक मिळाली. तुम्हाला काय मदत हवी?" जन्मात पहिल्यांदा तुला अहो-जाहो केलं.

तू म्हणालास, "थोडं डिझेल. आणि बहीण."

सगळा किनारा ऐकत होता. मला माहीत होतं, आणि या खेपेला मी विसरले नव्हते. कप्तान माझ्या पाठीशी उभा होता. त्याने आधी होकाराची मान हलवली, मग नकाराची.

"डिझेल देता येईल," मी म्हणाले. "बहीण देता येणार नाही. तिच्याशिवाय जहाज हलत नाही."

 मग तू म्हणालास, "कळलं. आता कळलं, रिग्मोर." वायरलेसवर नाव घेऊन असं बोलायचं नसतं, गाढवा. नियमात बसत नाही.

डिझेल मालातलं नव्हे, जहाजाच्या स्वतःच्या टाकीतलं आहे, असं कप्तान येईल त्याला सांगत होता, जणू मालक कठड्याला टेकून ऐकतोय. दोर बांधून पिंपं खाली सोडली. नंतर त्याने नोंद करायला घेतली आणि मला विचारलं, "मला दूरचं नीट दिसत नाही. एक पिंप होतं की दोन?"

"एक," मी म्हणाले.

"मलाही एकच दिसलं," तो म्हणाला.

तू वळून बंदराकडे गेलास तेव्हा झाडाला बांधलेला कागदी तारा एका बाजूला लोंबत होता. मी तो बंदरात शिरेपर्यंत बघत होते. मग बर्फाचा कारखाना आडवा आला. उद्या इथे तांदळाची खीर आहे. खिरीतला बदाम ज्याला मिळेल त्याला बक्षीस असतं. इथे सगळ्यांना एकच बक्षीस हवं आहे, आणि ते खिरीत मावत नाही.

रिग्मोर


नांगरावर, अखेरचं
३ जानेवारी १९७४

एवाल्ड,

आज हुकूम आला. कप्तान पाठीशी, मी यंत्रासमोर. टिक-टिक सुरू झालं, उतरवत गेले. 'माल विकला. नांगर उचलावा. फ्रेडरिक्सहाऊनला उतरवावा.' मला वाटलं संपलं, तर पुढे आणखी होतं : 'तारवालीला तिथेच कमी करावं. परवाना कप्तानाने जप्त करावा. बदली माणूस बंदरात हजर राहील.' आईची घेतली तशीच हीही घेतली. मध्ये थांबले नाही. पोच दिली. कागद फाडून कप्तानाच्या हातात दिला. त्याने तो वाचला आणि मला बसल्या जागी कॉफी आणून दिली, स्वतःच्या हाताने. आईच्या वेळी मला बदली माणूस मिळत नव्हता. आता बघ, लगेच मिळाला.

तू धक्क्यावर सांगत होतास तसंच झालं की नाही? जहाज फ्रेडरिक्सहाऊनलाच येतंय, गळ्यापर्यंत भरलेलं. तुझं चुकलं एवढंच, की ख्रिसमस उलटून गेला आणि भाव दुप्पट झाला. अबादानला भरलं तेच तेल आहे, त्यात थेंबाचीही भर पडली नाही. नुसतं तुझ्या दारात उभं राहून ते दुप्पट महाग झालं. पोरं विचारतील की भाव का वाढतो, तर त्यांना सांग, आत्या त्याच्यावर बसली होती.

पिंपांतल्या तेलात तू कॉडपर्यंत पोचशील. परत यायला पुरेल का, ते मला सांगता येत नाही, तुलाही येत नसणार. म्हणजे आगाथा बांधलेलीच राहणार. आणि माझं म्हणशील तर मला टिक-टिक ऐकण्याखेरीज काही येत नाही, आणि तेही आता ऐकायची बंदी. मासे साफ करायला येत होते, तेही विसरले असेन. बोडिलला विचारून ठेव, बर्फाच्या कारखान्यात बाई लागते का. इतके दिवस त्याने घर झाकलं. आतून तरी दिसत असेल.

साखळी वर ओढायला लागलेत, टेबल हादरतंय, अक्षर वेडंवाकडं येतंय, चालवून घे. मला घ्यायला होडी काढू नकोस. ते डिझेल राखून ठेव, एक थेंब माझ्यापायी जाळलास तर याद राख. मी आगगाडीने येते. तीही डिझेलवरच चालते म्हणा, पण मी नसले तरी ती हलते.

रिग्मोर